नोकरी मिळते, खोली मिळत नाही

जून 2017. कोची मेट्रो सुरू झाली आणि वीसेक ट्रान्सजेंडर व्यक्तींना तिकीट खिडकीपासून साफसफाईपर्यंतची कामं मिळाली. देशभर कौतुक झालं. काही दिवसांतच त्यांच्यातल्या आठ जणींनी काम सोडलं, कारण शहरात त्यांना कुणी खोली भाड्याने देईना आणि लॉजचं रोजचं भाडं पगारात भागेना.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटायला नको. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 1917 साली, परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. पद होतं, पगार होता. पण पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं, दुसरीकडे कुणी आसरा दिला नाही आणि बडोदा सोडावं लागलं. बेरोजगार एलजीबीटीआय तरुणांसाठी ‘रोजगार मेळावे’ भरवणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

कायदा नाही असंही नाही. 2014 च्या नालसा निकालाने ओळख मान्य केली. 2019 च्या कायद्याने नोकरीत भेदभावाला बंदी घातली, खाजगी आस्थापनांनाही. प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा आहे. तुमच्या कंपनीत तो कोण आहे, विचारून बघा! समलिंगी तरुण-तरुणींची गत याहून वाईट. 2018 च्या निकालाने त्यांचं प्रेम गुन्हा राहिलं नाही, पण त्या कारणावरून खाजगी मालकाने घरी पाठवलं, तर दाद मागायला त्यांच्यासाठी असा स्वतंत्र कायदाच नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये जेन कौशिक या ट्रान्स शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली, कायदा कागदावरच ठेवल्याबद्दल सरकारांना फटकारलं आणि समान संधी धोरणासाठी समिती नेमली. महाराष्ट्रातही वेगळं घडलं नव्हतं. पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय यावा म्हणून 2022 साली उमेदवारांना आधी ‘मॅट’मध्ये जावं लागलं, आणि तिथला आदेश पाळण्याऐवजी सरकारच उच्च न्यायालयात गेलं. तिथे कानउघाडणी झाल्यावर नियम करायची तयारी दाखवली.

आता आपल्या घरचा प्रश्न. नालसा निकालाने तृतीयपंथीयांना मागासवर्ग मानून आरक्षण द्यायला सांगितलं. राजस्थानने 2023 मध्ये त्यांना ओबीसी यादीत घातलं. ऐकायला बरं वाटतं, पण बौद्ध किंवा मातंग घरात जन्मलेल्या पारलिंगी तरुणीने काय करायचं? अनुसूचित जातीतून अर्ज करायचा की ओबीसीतून? एका बाजूला गेली की दुसरी ओळख पुसली जाते. म्हणून तमिळनाडूतल्या ग्रेस बानूंसारख्या दलित ट्रान्स कार्यकर्त्या वर्षानुवर्षं समांतर आरक्षण मागत आहेत: महिलांना असतं तसं, प्रत्येक प्रवर्गाच्या आत. कर्नाटकाने 2021 मध्ये 1 टक्का असं आरक्षण दिलं. म्हणजे ते करता येतं. महाराष्ट्रात ही मागणी आंबेडकरी मोर्च्यांच्या निवेदनांत क्वचितच दिसते, आणि याला सरकार जबाबदार नाही.

कागदपत्रांचं त्रांगडं वेगळंच. जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळतं, पोर्टलवर अर्ज करता येतो. पण शाळेचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला जुन्या नावाने. नाव न जुळल्यामुळे जात वैधतेची फाईल अडकली की भरतीची तारीख निघून जाते. जात पडताळणीच्या खेटा घातलेला एखादा कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत असतोच. त्याचं हे ज्ञान इथे फार मोलाचं आहे, नव्या प्रशिक्षण केंद्रापेक्षाही जास्त, असं मला वाटतं.

बाकी साधनंही आपल्याकडे आहेत. विहारातल्या अभ्यासिका आहेत, पहाटे भरतीची पोरं जिथे धावतात ती मैदानं आहेत. बार्टीच्या प्रशिक्षणात अनुसूचित जातीच्या पारलिंगी उमेदवारांसाठी जागा राखून ठेवा, अशी मागणी करता येईल. आणि समाजातल्या ज्या घरमालकांच्या खोल्या रिकाम्या आहेत, त्यांच्याशी बोलावं लागेल. हे काम सगळ्यात अवघड. मोर्चात निळा झेंडा घेऊन पुढे चालणारा माणूसही भाडेकरू ठेवताना ‘वस्तीतले लोक काय म्हणतील’ असं विचारतो. बडोद्यातही कारण हेच होतं.

पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना यायला न्यायालय लागलं. अभ्यासिकेच्या प्रवेश अर्जात तो घालायला विहार समितीची एक बैठक पुरेल.