अति घाई आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी, त्यामुळे लेखात इंग्रजी शब्द जास्त येतील, सांभाळून घ्या. विषय आहे आपल्या कम्युनिकेशन लॅबमधला स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर. मशीन एक, बॅच वीस जणांची आणि वेळ दोन तास. म्हणून जो तो घाईत. भराभर बटणं दाबायची, मार्करचा आकडा जर्नलमध्ये उतरवायचा आणि कॅन्टीन गाठायचं! मला वाटतं, या घाईत मशीनकडून शिकायची मुख्य गोष्टच राहून जाते. अचूकपणा फुकट मिळत नाही, त्याची किंमत वेळात मोजावी लागते.

साधा हिशेब बघा. आपलं जुनं मशीन एका फिल्टरसमोरून सगळा स्पॅन सरकवत नेतं. त्या फिल्टरची रुंदी म्हणजे रिझोल्यूशन बँडविड्थ. फिल्टर अरुंद केला की जवळजवळचे दोन सिग्नल वेगळे दिसतात. रुंदी दहापट कमी केली तर नॉइज फ्लोअरही 10 डीबीने खाली जातो. पण अरुंद फिल्टरला स्थिरावायला वेळ लागतो. 10 मेगाहर्ट्झच्या स्पॅनला 10 किलोहर्ट्झचा फिल्टर लावला तर स्वीपला साधारण पाव सेकंद पुरतो. 1 किलोहर्ट्झचा लावला तर 25 सेकंद. म्हणजे शंभरपट! तेवढं थांबायचं कोणी? मग स्वीप टाइम हाताने कमी होतो, स्क्रीनवर 'अनकॅल' झळकतं, पीक खाली बसतं आणि बाजूला सरकतं. तरीही तोच आकडा जर्नलमध्ये जातो, आणि पुढच्या बॅचला रेडीमेड मिळतो.

काही जण म्हणतात, जुनं मशीन काढा, एफएफटीवालं आणा. म्हणणं खोटं नाही. एफएफटी म्हणजे शेकडो अरुंद फिल्टर एकदम लावल्यासारखंच. क्लासिक ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळा फ्रिक्वेन्सी बदलू शकतं. त्याला पकडायला सरकता स्वीप अपुराच पडतो. पण एफएफटीलाही 1 किलोहर्ट्झचं रिझोल्यूशन हवं असेल तर निदान 1 मिलिसेकंद सिग्नल ऐकावाच लागतो. नॉइजमधला चढउतार दहापट कमी करायचा तर 100 रीडिंगचं अ‍ॅव्हरेज घ्यावं लागतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, तरी अंधुक सिग्नलसाठी तिथेही तासन्‌तास निरीक्षण करावं लागतं. तिथे जे चुकत नाही, ते आपल्याला कसं चुकेल?

म्हणून सर-मॅडमना एक विनंती. दहा रीडिंगऐवजी तीनच घ्यायला लावा. पण प्रत्येक रीडिंग दोन वेगवेगळ्या बँडविड्थवर, आणि शेजारी स्पॅन, बँडविड्थ, स्वीप टाइम लिहिलेला. व्हायवाला आकडा विचारू नका, तो बदलला का ते विचारा. उद्या आपल्यापैकी कोणीतरी एखाद्या ट्रान्समीटरच्या टेस्ट रिपोर्टवर सही करेल. तिथे 'अनकॅल' असताना घेतलेला आकडा चालणार नाही.

हायवेवर बोर्ड असतो ना, 'अति घाई संकटात नेई'? एक आपल्या लॅबच्या दारावरही लावूया!