ओळख विसरली तर काय करावे?

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचे पाहुणे भेटतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. म्हणून एखादे आजोबा पाठीवर हात ठेवून विचारतात, "ओळखलं का बाबू?" आपल्याला तर काहीच आठवत नाही!

काहीजण खोटेच "हो" म्हणतात. मला हे पटत नाही. त्यांनी घरी निरोप दिला, तर तो कोणाचा म्हणून सांगणार? काहीजण तोंडावर विचारतात, "तुम्ही कोण?" त्याने दुरून आलेल्या माणसाचे मन दुखते.

माझ्या मते आधी नमस्कार किंवा जोहार करावा. घरी आले असतील तर पाणी द्यावे. मग विचारावे, "गाव कोणतं जी तुमचं?" गाव कळले की बहुतेक वेळा नाते निघते. नाहीच निघाले तर सरळ म्हणावे, "आठवत नाही जी, सांगा ना."

पालकांनाही विनंती आहे. लहान मुलांची परीक्षा घेऊ नका, आपले नाव-गाव आधी सांगा. नजर कमी झालेल्या आजीजवळ गेलो की आम्हीही आधी आपले नाव सांगू.

– इयत्ता ७ वी