इलाजापेक्षा पथ्य बरे

२००६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. हिवाळ्यात निजलेली वटवाघळे हिच्यामुळे पुन्हा पुन्हा जागी होतात, अंगातली चरबी संपते आणि ती मरतात. आजवर तिथे लाखो वटवाघळे गेली. युरोपातली वटवाघळे मात्र याच बुरशीसोबत जगतात. ती समुद्रापार बहुधा माणसानेच नेली.

आम्ही उर्दूवाले म्हणतो, ‘परहेज़ इलाज से बेहतर है’. रानातल्या जिवांसाठी तर मला पथ्य हाच खरा इलाज वाटतो. गुहागुहांतून फिरून वटवाघळांना औषध कोण लावणार? गुहेच्या मातीत वर्षानुवर्षे टिकणारी बुरशी कोण धुणार? लसीचे प्रयोग जरूर चालावेत, पण त्यांच्या भरवशावर दार उघडे ठेवू नये.

अमेरिकेने एकदा हे पथ्य वेळेवर पाळले. सॅलॅमँडर म्हणजे बेडकांचे शेपटीवाले भाऊबंद. त्यांना मारणारी बुरशी २०१३ मध्ये युरोपात ओळखली गेली. ती अमेरिकेत पोहोचण्याआधीच, २०१६ मध्ये, २०१ जातींच्या सॅलॅमँडरची आयात बंद झाली. व्यापाऱ्यांना ते जाचक वाटणारच; तरी निर्णय योग्यच होता.

बेडकांवरची अशीच एक बुरशी आपल्या सह्याद्रीतही आढळली आहे. म्हणून हौसेपोटी परदेशी बेडूक आणू नयेत, एका ओढ्यातून दुसऱ्यात उतरण्याआधी बूट धुऊन वाळवावेत. सरकारनेही मेलेले प्राणी मोजण्याआधी बंदरावर, विमानतळावर तपासणी करावी. नंतरचा खर्च कितीही केला, तरी गेलेली जात परत येत नाही.