पोर्तुगालचा दाखला देऊ नका

पारंपरिक कॅथॉलिक तत्त्वांवर राज्य चालवता येते आणि पंतप्रधान सालाझारच्या पोर्तुगालने ते चालवून दाखवले, असे एक विद्वान हल्ली ठासून सांगतात. पक्षांची भांडणे नाहीत, संप नाहीत, घटस्फोटाला आळा, अंदाजपत्रक शिलकी. एवढ्यावर त्यांचे आदर्श राज्य उभे राहते. शिलकी अंदाजपत्रकाला कुठलाच धर्म लागत नाही. घटस्फोटाचे म्हणाल, तर व्हॅटिकनशी १९४० साली झालेल्या कराराने चर्चमध्ये लग्न लागलेल्यांना ती वाट बंद झाली, पण त्याने संसार सुखाचे झाले असे सिद्ध होत नाही.

खरा वाद संपांचा, म्हणजे मजुरांच्या संघटनेचा आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये संघटना करणे हा माणसाचा निसर्गदत्त हक्क मानला. चाळीस वर्षांनी पोप अकरावे पायस यांनी बजावले की, लहान संस्थेला जमणारे काम मोठीने बळकावणे हा अन्याय आहे. याच मापाने सालाझारला मोजू. १९३३ ची राज्यघटना सार्वमताला टाकली, तेव्हा घरी बसलेल्यांची मते होकारात धरली गेली. त्याच वर्षी स्वतंत्र कामगार संघटना मोडून सरकारच्या मुठीतल्या ‘राष्ट्रीय’ संघटना बसवल्या, संपावर बंदी आली. मालक-मजुरांना एकत्र आणणारी महामंडळे हा या रचनेचा कळस म्हणून मिरवला जाई. ती उभी राहायला १९५७ उजाडले. म्हणजे मजुराचा हात बांधायला एक वर्षही लागले नाही, त्याला मालकाशेजारी बसवायला चोवीस लागली! १९५८ मध्ये पोर्तोच्या बिशपांनी सालाझारला पत्र लिहून चर्चच्या याच सामाजिक शिकवणीवरून जाब विचारला; पुढच्याच वर्षी ते देशाबाहेर पडले आणि १९६९ पर्यंत त्यांना परतता आले नाही. ज्या राज्यात बिशपलाच चर्चची शिकवण बोलता येत नाही, त्याला कॅथॉलिक कोणत्या तोंडाने म्हणायचे? गोव्याचे स्वातंत्र्य मागणारा त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य तर साधा नागरिक. तो पोर्तुगालमधल्या पेनिशच्या तुरुंगात गेला. या दडपशाहीसाठी स्पेनच्या यादवीची आणि कम्युनिस्टांच्या धोक्याची सबब पुढे येते. ती यादवी १९३६ ची, संपबंदी तीन वर्षे आधीची.

ही तत्त्वे राबवायचीच, तर मजुरांनी आपली संघटना आपणच निवडावी आणि राज्याने तिला तोलून धरावे. पश्चिम जर्मनीत १९४९ च्या बोखुमच्या कॅथॉलिक मेळाव्याने मजुरांच्या सहनिर्णयाच्या हक्काला पाठिंबा दिला. १९५१ च्या कायद्याने कोळसा-पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळांत त्यांना मालकांइतक्याच जागा मिळाल्या. त्यासाठी खाणकामगार आणि पोलादकामगार संपाला सज्ज झाले होते.