वादळापूर्वीची सिद्धता

जगातील सर्वांत प्रगत समजल्या जाणाऱ्या लढाऊ विमानांचा एक मोठा ताफा ऑक्टोबर 2018 मध्ये चक्रीवादळापुढून निघून गेला, आणि निघून गेला म्हणूनच वाचला. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील टिंडल हा समुद्रकाठचा हवाईतळ. एफ-22 रॅप्टर जातीची पन्नासहून अधिक विमाने तेथे होती. 7 ऑक्टोबरला ज्या वादळाला 'मायकेल' हे नाव मिळाले, ते अवघ्या तीन दिवसांत, 10 ऑक्टोबरला, ताशी सुमारे 260 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह थेट या तळावर येऊन धडकले. माणसे आधीच हलविली गेली होती. म्हणून तळावर प्राणहानी झाली नाही. परंतु शेकडो इमारती उद्ध्वस्त झाल्या, हँगरची छपरे व दारे उडाली आणि पुनर्बांधणीचा अंदाज सुमारे 5 अब्ज डॉलरच्या घरात गेला.

जी विमाने उडू शकत होती ती वादळापूर्वीच अन्य तळांवर पोचली. 17 विमाने मात्र मागे राहिली. कोणी ती विसरले नव्हते. ती दुरुस्तीत अडकली होती. हँगरमध्ये त्यांना शक्य तितके सुरक्षित ठेवण्यात आले आणि पुढे ती सर्व पुन्हा उडाली, हे त्या देशाचे सुदैव. एफ-22 चे उत्पादन 2011 मध्येच थांबले होते आणि सेवेसाठी बांधली गेलेली विमाने दोनशेही नव्हती. गमावलेले एकही विमान कोणत्याही किमतीत परत मिळणार नव्हते.

या प्रसंगाचा विचार केवळ निसर्गाचा कोप म्हणून करून चालणार नाही. विमान हे आकाशात जितके समर्थ, तितकेच जमिनीवर असहाय असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. विमानाचे पंख वारा कापून वर उठण्यासाठीच घडविलेले असतात. त्यामुळे उघड्यावर उभ्या विमानाला वादळ उचलू पाहते. साध्या हँगरमध्ये ठेवावे, तर प्रथम दार जाते, वारा आत शिरतो, छत उखडते आणि तेच छत विमानावर कोसळते. समुद्राचे पाणी आत आले तर खारटपणा यंत्रांना आतून पोखरतो. म्हणून सर्व अनुभवी वायुदलांचा पहिला नियम एकच: वादळ येण्यापूर्वी विमान दूर न्यावे. पण हा नियम उडू शकणाऱ्या विमानांनाच लागू पडतो. जे विमान सुट्या भागांवाचून उभे आहे, त्याचे भवितव्य हँगर बांधणाऱ्या अभियंत्यावर अवलंबून असते.

हा धडा अमेरिकेला नवा नव्हता. 18 डिसेंबर 1944 रोजी फिलिपिन्सच्या पूर्वेस ॲडमिरल हॅल्सी यांचे आरमार चक्रीवादळात सापडले. तीन विनाशिका बुडाल्या, सुमारे 790 नौसैनिक मृत्युमुखी पडले आणि विमानवाहू नौकांवरील व अन्य जहाजांवरील 146 विमाने नष्ट झाली वा निकामी झाली. कित्येक विमाने बंध तुटून एकमेकांवर आदळली आणि पेटली. शत्रूने एकही तोफ न डागता झालेला हा संहार होता. त्यानंतर ॲडमिरल निमिट्झ यांनी आपल्या अधिकाऱ्यांना लेखी बजावले, त्याचा आशय असा की, सावधगिरीचे उपाय हातात वेळ आहे तोवरच करायचे असतात. तरीही ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू वादळाने फ्लॉरिडातीलच होमस्टेड तळ उद्ध्वस्त केला. तो पुढे राखीव दलाचा तळ म्हणून उभा राहिला. पूर्वीचे स्वरूप त्याला लाभले नाही. त्यानंतर 26 वर्षांनी टिंडलवर तीच पाळी आली. धडा ठाऊक असणे आणि तो अंगी मुरणे यांत केवढे अंतर असते, हे यावरून ध्यानी यावे.

आता आपल्या घराकडे वळू. साडेसात हजार किलोमीटरहून लांब किनारा लाभलेल्या भारताचे अनेक हवाईतळ समुद्राच्या काठी आहेत. 12 ऑक्टोबर 2014 रोजी हुदहुद वादळ विशाखापट्टणमवर धडकले. तेथील विमानतळ नौदलाच्या 'आयएनएस देगा' या तळाचा भाग आहे. प्रवासी इमारतीचे छत फाटले, उड्डाणे काही दिवस ठप्प झाली. पूर्व नौदल विभागाचे मुख्यालय असलेल्या शहराची ही अवस्था होती. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत कार निकोबारचा वायुदल तळ उद्ध्वस्त झाला आणि शंभराहून अधिक वायुसैनिक व कुटुंबीयांचे प्राण गेले. ते संकट वेगळे, पूर्वसूचनेवाचून आलेले. परंतु घरे पाण्याच्या किती जवळ असावीत, हा त्याने विचारलेला प्रश्न वादळाच्या बाबतीतही तितकाच खरा आहे.

पश्चिम किनारा तुलनेने निर्धास्त, अशी आपली जुनी समजूत होती. ती आता सोडून द्यावी लागेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढली. जून 2020 मध्ये निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आले. मे 2021 मध्ये तौक्ते कोकण व गोव्याला झोडपत गुजरातेत गेले. जून 2023 मध्ये बिपरजॉय कच्छमधील जखाऊजवळ धडकले; त्याच परिसरात वायुदलाचा नलिया तळ आहे. गोव्याचे दाबोळी पठार उंचावर असल्याने तेथील 'आयएनएस हंसा' या नौदल तळावर लाटा पोचणार नाहीत. वारा मात्र पोचतो, आणि उंचावर तो अधिक मोकळा असतो.

हंसा हे नौदलाच्या मिग-29के विमानांचे माहेरघर. 2016 मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या विमानांची उड्डाणसज्जता 15.93 ते 37.63 टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे नोंदविले होते. तो अहवाल आता जुना झाला. पण त्या काळात एखादे मायकेल गोव्यावर आले असते, तर दहांतील किती विमाने वेळेत उडून जाऊ शकली असती, हा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. एप्रिल 2025 मध्ये नौदलासाठी 26 राफेल-मरीन विमानांचा करार झाला. जहाज बंदरात असते तेव्हा ही विमानेही किनाऱ्यावरच विसावणार. हजारो कोटींची विमाने घेणाऱ्या राष्ट्राने त्यांच्या छपराचा, दाराचा आणि सुट्या भागांचा खर्च किरकोळ मानू नये.

करावयाचे काय, हे अवघड नाही. किनाऱ्यावरील हँगर उद्याच्या वाऱ्यांचा विचार करून बांधावेत. टिंडलची पुनर्बांधणी ताशी 265 किलोमीटरच्या वाऱ्यांना तोंड देण्याच्या हिशेबाने आखली गेली. प्रत्येक किनारी तळाला देशाच्या अंतर्भागातील जोडीचे तळ नेमून द्यावेत आणि तेथे इंधन, तंत्रज्ञ व साहित्य यांची सोय असावी. विमान घेऊन निघणाऱ्या वैमानिकाचे कुटुंब मागे राहते; ते सुरक्षित स्थळी पोचल्याची खात्री त्याला असली पाहिजे. आणि निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, केव्हाचा, हे आधीच ठरलेले असावे. तौक्तेच्या वेळी हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधी मिळाला होता. तरी मुंबईनजीकच्या समुद्रात पी-305 हा कामगारांचा तराफा बुडाला. नौदलाने जिवावर उदार होऊन 180 हून अधिक जणांना वाचविले. अनेक घरांत मात्र माणूस परतला नाही. उणीव इशाऱ्याची नव्हती.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराविषयी जी शिकवण आहे, तीत पावसाळा सुरू होण्यापूर्वीच गलबते सुरक्षित बंदरी, दुर्गाच्या आश्रयाला आणण्यावर कटाक्ष आहे. समुद्राशी हट्ट करू नये, आणि त्याच्यापुढे गाफीलही राहू नये, हे स्वराज्याच्या धुरीणांनी ओळखले होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय राष्ट्राला परवडत नाही. युद्धातील पराक्रमाचे पोवाडे होतात. वेळेवर बदललेल्या सुट्या भागाचे, घट्ट बसविलेल्या दाराचे होत नाहीत. परंतु वादळाच्या रात्री राष्ट्राची शक्ती त्याच निमूट कामावर तरलेली असते. त्या कामाला निधी आणि मान दोन्ही मिळावेत, असा आग्रह धरणे हे जागृत समाजाचे कर्तव्य आहे.