पंपावरची मजुरी आणि पोरांची तब्येत

तरुणांच्या आरोग्याविषयी लिहायचे म्हटले की व्यायाम, दूध-अंडी आणि व्यसनमुक्ती हेच विषय पुढे येतात. विषय चांगलेच आहेत. पण आपल्या कापूस पट्ट्यातल्या पंचविशीच्या पोराला खरा धोका कुठून आहे हे पाहायचे असेल, तर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये धुऱ्यावर उभे राहावे. पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरलेला बहुतेक तरुणच दिसतो. घरचा म्हातारा म्हणतो, माझ्याने होत नाही, पोरगा तगडा आहे. मजूर लावायचा तरी तगडाच पाहून लावतात.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कपाशी त्या साली डोक्याबरोबर वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावरच येत होता. पुढे चौकशी झाली, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली, सुरक्षा किट वाटले गेले. मजुरीची रीत मात्र बहुतेक गावांत आहे तशीच आहे. एका पंपाला इतके रुपये! जितके पंप मारशील तितके घे.

माझे स्पष्ट मत आहे की ही पंपावरची मजुरीच पोरांना आजारी पाडते. पंपावर पैसे असले की गडी दुपारच्या उन्हातही थांबत नाही. वारा उलटा फिरला तरी मारतच राहतो. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकतो, हात न धुता खर्रा खातो, कारण हात धुवायला गेलेला वेळ म्हणजे अर्धा पंप बुडाला. त्याला अडाणी म्हणून चालणार नाही. हिशोब त्याला बरोबर कळतो, आपण लावून दिलेला हिशोबच चुकीचा आहे.

"काही नाही होत जी, पाच वर्षांपासून मारतो," हे उत्तर गावोगाव ऐकू येते. ते का फसवे आहे, ते समजून घ्यावे. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके रक्तातल्या आणि मज्जातंतूंतल्या कोलिनेस्टरेज नावाच्या घटकाला निकामी करतात. आपल्या नसा आणि स्नायू त्याच घटकामुळे ताब्यात राहतात. शरीरात त्याचा साठा भरपूर असतो, म्हणून बराच भाग खर्च होईपर्यंत माणसाला फारसे काही जाणवत नाही. थोडे डोके दुखते, मळमळते, रात्री जेवण जात नाही. उन्हाने झाले म्हणून सोडून देतात. खर्च झालेला साठा भरून यायला मात्र कित्येक आठवडे लागतात. सोमवारी फवारले, बुधवारी फवारले, शुक्रवारी तोच गडी दुसऱ्याच्या वावरात गेला, की मागची उधारी एकदम अंगावर येते. लाळ गळते, दरदरून घाम येतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, दंड-मांड्यांचे स्नायू फडफडतात. लोक म्हणतात, आजच्याच फवारणीने झाले.

विष नाकातोंडातूनच जाते हाही गैरसमज आहे. जास्त जाते ते कातडीतून, आणि घामाने ओल्या कातडीतून अधिकच. जांघेची आणि डोक्याची कातडी ते लवकर शोषते. गळका पंप पाठीवरून पँट भिजवत असेल तर नुसता तोंडाला दुपट्टा बांधून काय उपयोग? आपण बोलताना त्याला औषध म्हणतो. लाल त्रिकोणाच्या डबीवर कवटी छापलेली असते, ती औषधाची खूण नव्हे.

किटबद्दलही बोलले पाहिजे. भर दुपारी प्लास्टिकचा कोट घालून कोणी काम करू शकत नाही, म्हणून तो कोठ्यात खुंटीला टांगलेला दिसतो. त्यापेक्षा पंप सकाळी अकराच्या आत थांबवावा, पूर्ण बाहीचे कपडे, हातमोजे, चष्मा, मास्क आणि बूट घालावेत, काम संपताच साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. एवढे तरी होण्यासारखे आहे.

शेतकरी म्हणतील, दिवसाच्या हिशोबाने पैसे दिले तर गडी बसून राहील. मग सकाळच्या पाळीचे पंप आधीच ठरवा आणि पूर्ण दिवसाची मजुरी द्या. एका गड्याला सलग दुसऱ्या दिवशी फवारणीला लावू नका, निंदणाचे किंवा खत देण्याचे काम द्या. खर्च वाढेल, नाही असे नाही. लहान शेतकऱ्याला तो जड जाईल हेही खरे. पण स्वतःच्याच पोराकडून फुकट फवारून घेणाऱ्या घरात तर मजुरीचा प्रश्नच नाही. तिथे दिवसाआड पंप दुसऱ्याच्या पाठीवर द्यायला काय हरकत आहे?

ग्रामपंचायतींनाही सांगणे आहे. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार फवारणी करणाऱ्यांचीही वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, आणि ऑरगॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांचे कोलिनेस्टरेज मोजायला हवे. आपल्या गावात आजवर किती जणांचे मोजले, हे सरपंचांनी जरा विचारून पाहावे. फवारणारे कोण कोण आहेत याची यादी आशाताईंना एका दिवसात करता येते. हंगामाआधी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, तर डॉक्टरांना मागणी करायला आधार मिळेल.

विषबाधा झालीच तर त्या माणसाला गाडी चालवू देऊ नये. अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने धुवावे, ओकारी करायला लावू नये, १०८ ला फोन करावा आणि वापरलेल्या सगळ्या डब्या बरोबर न्याव्यात. ॲट्रोपीन एका गटाच्या विषावर चालते, सगळ्यांवर नाही. दोन-तीन प्रकार एकत्र मिसळले असतील तर तेही लपवू नये.

१५ ऑगस्टची ग्रामसभा फवारणीच्या ऐन तोंडावर येते. यंदा झेंडावंदन झाल्यावर रस्ता-नालीच्या आधी हा विषय घ्यावा, आणि फवारणीची मजुरी पंपावर नसून पाळीवर राहील असा ठराव गावाने एकमताने करावा. एकट्या शेतकऱ्याने रीत बदलली तर मजूर दुसऱ्याकडे जातो. सगळ्या गावाने बदलली तर जाणार कुठे?