संग्रहाचा छंद : अंकावर सही असावी की नसावी?

वाचकहो, चेन्नईस राहणाऱ्या एका मराठी भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्यांच्या वडिलांनी ‘चांदोबा’ मासिकाचे चाळीसएक अंक पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवले होते. वडील निवर्तल्यावर ट्रंक उघडण्यात आली. अंक बहुतेक सुस्थितीत निघाले. केवळ एका अंकाचे मुखपृष्ठ कडेला फाटले आहे. पण नेमक्या त्याच अंकात, विक्रम-वेताळाच्या चित्राखाली, चित्रकाराने स्वतः शाईने केलेली सही आहे. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, सहीचा अंक हेच खरे धन. धाकटे बंधू परदेशी असतात. त्यांच्या मते सही म्हणजे कागदावर पडलेला डाग होय. स्वच्छ अंक निवडून तज्ज्ञांकडून त्यांचा दर्जा ठरवून घ्यावा, म्हणजे त्यांस मोल येईल. भगिनी विचारतात, “संग्राहक अधिक पसंत करतात ते काय? वाटणी व्हावयाची आहे, आणि या चाळीस अंकांवरून भावाभावांत अबोला येऊ पाहत आहे.”

प्रश्न एका घरचा असला, तरी तो अनेक घरांतला आहे. कोणाच्या माळ्यावर ‘चांदोबा’ असेल, कोणाकडे १९६४ साली मुंबईहून निघू लागलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे अंक असतील, तर कोणाकडे १९६७ साली अनंत पै यांनी आरंभिलेल्या ‘अमर चित्र कथा’ असतील. म्हणून या वेळी सर्व वाचकांसाठीच थोडे विस्ताराने लिहीत आहो.

प्रथम ‘दर्जा ठरविणे’ म्हणजे काय, ते पाहू. अमेरिकेत २००० साली सीजीसी या नावाची एक संस्था सुरू झाली. संग्राहकाने आपले कॉमिक तिच्याकडे धाडावयाचे. तेथील जाणकार कडा, कणा, घड्या, डाग, कागदाचा पिवळेपणा, तारेच्या टाक्यांवरचा गंज अशा सर्व गोष्टी तपासतात आणि अर्ध्या गुणापासून दहा गुणांपर्यंतच्या श्रेणीत त्या प्रतीचा दर्जा ठरवितात. मग ती प्रत कठीण, पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचात कायमची बंद होते आणि वर दर्जाची चिठ्ठी लागते. कवच फोडले की दर्जा रद्द! विकणारा कलकत्त्यास आणि घेणारा लंडनला असला तरी दोघांचा विश्वास त्या एका चिठ्ठीवर असतो. म्हणून हा व्यवहार वाढला.

आता सहीचा प्रश्न. चिठ्ठीचा रंगच येथे पुष्कळ सांगून जातो. सही नसलेल्या साध्या प्रतीस निळी चिठ्ठी मिळते. संस्थेच्या प्रतिनिधीच्या डोळ्यांदेखत लेखकाने वा चित्रकाराने सही केली असेल, तर पिवळी मिळते. परंतु घरी, प्रवासात, एखाद्या कचेरीत घेतलेली सही कितीही खरी असली, तरी तेवढ्याने तिला पिवळी चिठ्ठी मिळत नाही. ती पानावर कोणीतरी लिहिलेला मजकूर समजली जाते. एक तर त्यामुळे दर्जा उतरतो, नाही तर सदोष प्रतीची हिरवी चिठ्ठी लागते. हस्ताक्षरतज्ज्ञांकडून जुन्या सह्या पडताळून घेणाऱ्या संस्थाही पुढे निघाल्या. पण अशी पडताळणी होण्यास त्या चित्रकाराच्या निर्विवाद सह्यांचे नमुने हाती असावे लागतात. थोडक्यात, संग्राहक सहीपेक्षा सहीच्या साक्षीला अधिक मानतो.

मग संग्राहकांची पसंती कोणती? नव्या, सहज मिळणाऱ्या कॉमिक्सच्या बाबतीत साक्षीसह सही असली तर मोल वाढते. हजारो एकसारख्या प्रतींतून ती एक वेगळी ठरते. अतिशय जुन्या आणि दुर्मिळ प्रतींच्या बाबतीत मात्र अनेक जण सही नसलेली प्रतच पसंत करतात. छापखान्यातून निघाली तशी ती राहिली, हाच तिचा मोठेपणा होय. सुपरमॅनचा जन्म ज्या अंकात झाला, त्या १९३८ सालच्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची साडेआठ दर्जाची एक प्रत २०२४ च्या एप्रिल महिन्यात ६० लाख डॉलरला विकली गेली. हे मोल सहीने आलेले नव्हते. सुपरमॅनचे निर्माते जो शुस्टर १९९२ साली आणि जेरी सीगल १९९६ साली वारले. म्हणजे दर्जा ठरविणारी संस्था निघण्यापूर्वीच दोघेही गेले. तेव्हा साक्षीदारासमक्ष त्यांची सही होणे शक्यच नव्हते. उलट, २०१८ साली निवर्तलेले स्टॅन ली यांनी उतारवयापर्यंत हजारो सह्या दिल्या. त्यांची सही वाचकांना प्रिय खरी, पण विरळा म्हणता येत नाही. सही कोणाची, कशावर, आणि तशा किती, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून मोल ठरत नाही, हे यावरून ध्यानी येईल.

परंतु वाचकहो, हे झाले परदेशाचे माप. आपल्या ‘चांदोबा’स ते जसेच्या तसे लावता येईल काय? त्यासाठी या मासिकाचा जन्म कसा झाला, ते आठवले पाहिजे. १९४७ सालच्या जुलैमध्ये, स्वातंत्र्य महिन्याभरावर आले असता, मद्रासेत बी. नागिरेड्डी आणि चक्रपाणि या चित्रपटव्यवसायातील जोडीने तेलुगूत ‘चंदामामा’ आणि तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ सुरू केले. पुढे एकेक भाषा येत गेली आणि १९५२ साली मराठी ‘चांदोबा’ उगवला. वडपळनीच्या त्या वास्तूत एकच चित्र काढले जाई आणि ते सर्व भाषांच्या आवृत्त्यांत छापले जाई. नागपूरचा मुलगा आणि कोइमतूरची मुलगी एकाच वेताळाला भीत होती, ती यामुळेच!

या मासिकाची एक रीत लक्षात घेण्याजोगी आहे. बहुतेक कथांखाली लेखकाचे नाव नसे. तेलुगूतील नामवंत साहित्यिक कोडवटिगंटि कुटुंबराव यांनी १९५२ पासून १९८० साली देहावसान होईपर्यंत संपादनाचा मोठा भार वाहिला. पण संपादक म्हणून नाव छापले जाई ते चक्रपाणींचे. चित्रकारांचे मात्र निराळे होते. एम. टी. व्ही. आचार्य, ‘चित्रा’ या नावाने चित्रे काढणारे टी. व्ही. राघवन, ‘वपा’ म्हणून ओळखले जाणारे वड्डादि पापय्या, आणि ‘शंकर’ म्हणजे के. सी. शिवशंकरन, ही मंडळी चित्राच्या कोपऱ्यात आपले छोटेसे नाव घालीत. म्हणजे प्रत्येक अंकावर एक सही मुळातच छापलेली असे! खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेऊन निघालेला विक्रमराजा आपल्या मनात आहे, तो याच शंकर यांचा. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत शिकून, ‘कलैमगळ’ या तमिळ मासिकात काही वर्षे काम करून ते ‘चंदामामा’त आले आणि पुढे सुमारे साठ वर्षे तेथेच चित्रे काढीत राहिले. २०२० च्या सप्टेंबरात, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे चेन्नईत निधन झाले. २०२१ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली. मासिक त्यापूर्वीच बंद पडले होते.

आता निष्कर्ष सहज निघतो. ज्या अंकांवर सही नाही, त्यांवर ती यापुढे कधीही होणार नाही. त्या पिढीतील या चित्रकाराने स्वहस्ते केलेली सही असलेला अंक म्हणूनच जपण्याजोगा आहे, मग त्याची कडा फाटलेली का असेना. पण सही नसलेले अंक कमी प्रतीचे आहेत, असे मात्र कोणी समजू नये. चेन्नईतच याचे एक उत्तम उदाहरण आहे. कोट्टैयूर गावचे रोजा मुथय्या हे फलक रंगविणारे कलावंत. त्यांनी आयुष्यभर तमिळ पुस्तके, नियतकालिके, इतकेच नव्हे तर नाटकांची हस्तपत्रके आणि निमंत्रणपत्रिकाही जमविल्या. त्यांतल्या कित्येकांवर कोणा मोठ्या माणसाची सही असण्याचे कारणच नव्हते. १९९२ साली ते वारले, आणि १९९४ साली त्यांच्या संग्रहातून चेन्नईचे रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय उभे राहिले. आज दूरदेशीचे अभ्यासक तेथे येतात, ते एखाद्या सहीसाठी नव्हे, तर ओळीने लागलेल्या, एकत्र राहिलेल्या कागदांसाठी. सुटा अंक ही वस्तू आहे. सलग अंकांची माळ हा इतिहास आहे.

म्हणून पत्रलेखिका भगिनींना आमचे सांगणे असे. चाळीस अंकांची वाटणी शक्य तो करू नये. संग्रह एकाच घरी ठेवावा आणि इतरांनी तो पाहावयास यावे. धाकट्या बंधूंना दर्जा ठरवून घ्यावयाचा असेल, तर त्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कवचात गेलेला अंक पुन्हा वाचता येत नाही. नातवाला वेताळाची गोष्ट वाचून दाखवावयाची की अंक विकावयाचा, हे आधी ठरवावे. विकावयाचा नसेल, तर कवच कशाला?

थोरल्या बंधूंनीही एक करावे. नुसती सही पुरेशी नाही. तिची साक्ष लागते, हे आपण वर पाहिले. पत्रात एक ओळ ओझरती आली आहे की, ज्या दिवशी वडिलांनी सही घेतली, त्या दिवशी आईही त्यांच्या बरोबर होत्या. त्या आज हयात आहेत आणि त्यांना तो दिवस आठवतो. परदेशी संस्था साक्षीसाठी आपला माणूस धाडते. येथे साक्षीदार घरातच बसलेला आहे! तेव्हा आजच त्यांच्याजवळ बसावे. कोणते वर्ष, कोणती जागा, सोबत कोण होते, चित्रकार काय बोलले, हे सारे त्यांच्या शब्दांत निराळ्या कागदावर लिहून घ्यावे, खाली त्यांची सही व तारीख घ्यावी आणि तो कागद अंकाजवळ ठेवावा. अंकात घालू नये. जमल्यास त्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवावा. हा कागद नसेल, तर पुढच्या पिढीस ती सही म्हणजे शाईची एक रेघ वाटेल.

आता जतनाविषयी दोन शब्द. त्या काळचा कागद आम्लयुक्त असल्याने तो आपणहून पिवळा व ठिसूळ होतो. चेन्नई-मुंबईची दमट समुद्री हवा त्यात भर घालते. अंक आडवे ठेवावेत, फार दाटीने रचू नयेत. पत्र्याच्या ट्रंकेपेक्षा आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी बरी. फाटलेल्या कडेस चिकटपट्टी लावू नये. तिचा डाग कायमचा राहतो. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नयेत. कसर लागली आहे की काय, हे दर दोन महिन्यांनी पाहावे. शाईच्या सहीवर ऊन पडू देऊ नये आणि अंकांवर आपले नाव वा क्रमांक कदापि घालू नयेत. अगदीच हवे असल्यास मऊ शिसपेन्सिलीने, आतल्या पानावर.

आणि ज्या तरुण वाचकांचा संग्रह आता सुरू होत आहे, त्यांनाही सांगतो. पोंगलच्या सुमारास चेन्नईत मोठा पुस्तकमेळा भरतो. शिवकाशीहून निघणारी ‘मुथु’ आणि ‘लायन’ ही तमिळ कॉमिक्स तेथे मुले आणि त्यांचे वडील सारख्याच हौसेने घेतात. अशा ठिकाणी आवडता लेखक वा चित्रकार भेटलाच, तर सही अवश्य घ्यावी. मात्र नव्या प्रतीवर, आतल्या पानावर आणि तारखेसह. शक्य असल्यास दोन प्रती घ्याव्यात. एकीवर सही घ्यावी, दुसरी तशीच राहू द्यावी.

भगिनींनी पुढील पत्र लिहावे, ते आईंच्या त्या आठवणीचे. अंकाचे मोल मागाहून ठरेल. आठवण तेवढी आधी लिहून ठेवावी; ती थांबून राहत नाही.